कापलेली कड

(इस्पितळाचा जिना. वर शस्त्रक्रियेचा मजला, खाली उपाहारगृह. थोरली प्रयोगशाळेतून तशीच उठून आली आहे. डोक्यावरची कागदी टोपी काढायची राहिली आहे, आणि आता भावासमोर ती काढणं म्हणजे माघार घेतल्यासारखं होईल असं तिला वाटतं आहे. धाकटा याच इस्पितळात सर्जन आहे, पण स्वतःच्या वडिलांवर सुरी चालवायची त्याला परवानगी नाही. बाबांचा पाय आतापर्यंत दोनदा उघडला, तो मोठ्या सर्जनांनीच.)

धाकटा : हळू कशाला बोलू? ऐकू दे सगळ्या मजल्याला. बापाचा पाय चाललाय आणि लेक कपाटाला कुलूप लावून बसलीये.

थोरली : कुलूप मी लावलेलं नाही. मी फक्त नाही म्हणाले.

धाकटा : तेच कुलूप! तुझे साहेब तयार, नव्या उपचारांना परवानगी देणारी आमची कमिटी तयार, मोठे सर्जन तयार. बाबा तर काय, नवरदेवासारखे नटून बसलेत. एकटी तू आडवी. तुझ्या होकाराशिवाय तू केलेली नळी प्रयोगशाळेबाहेर निघत नाही, असं तुझ्या साहेबांनीच सांगितलं मला फोनवर.

थोरली : त्यांनी तुला फोन केला?

धाकटा : मी केला. तू उचलत नव्हतीस.

थोरली : प्रयोगाच्या मेंढ्यांच्या गोठ्यात होते. तिथे फोन नेत नाही आम्ही.

धाकटा : वा! तिकडे मेंढ्यांच्या माना कुरवाळ, इकडे बाप सडू दे.

थोरली : तोंड सांभाळ. बाप माझाही आहे.

धाकटा : मग तसं वाग की.

थोरली : आधी पाय कसा आहे ते सांग. डॉक्टरसारखं सांग. भावासारखं नको.

धाकटा : पोटरीपासून खाली गार. अंगठा काळा पडायला लागलाय. मांडीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत जी कृत्रिम नळी टाकली होती, ती गोठली. उघडून साफ केली, परत गोठली. रक्त पातळ करायचं औषध चालू असताना गोठली. त्यांचीच शीर काढून वापरावी, तर उरल्यात कुठे? एका पायातल्या हृदयाच्या ऑपरेशनला गेल्या, दुसऱ्या पायातल्या फुगल्या म्हणून कधीच्या काढून टाकल्यात. हातातल्या बघितल्या, दोऱ्यासारख्या आहेत. मोठे सर्जन म्हणतात, बाजारातल्या नळीसाठी तिसऱ्यांदा पाय उघडणार नाही. त्यांचं बरोबर आहे. तेव्हा एक तर तुझी नळी, नाही तर करवत.

थोरली : बाजारच्या नळीलाही आतून थर असतो. हेपॅरिनचा, रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा.

धाकटा : होता ना. तूच म्हणायचीस, तो राखणदार आहे, पण हळूहळू पेंगायला लागतो. पेंगला! तुझा थर पेंगत नाही. आतून पाणी धरून ठेवतो, रक्ताला वाटतं समोर नुसतं पाणीच आहे. मग प्रथिनं चिकटत नाहीत, प्रथिनं नाहीत म्हणून प्लेटलेट नाहीत, प्लेटलेट नाहीत म्हणून गाठ नाही. पाठ आहे मला. वॉर्डात झाडायला येतात त्या मावशींनाही पाठ झालंय, कारण बाबा ते पेपरातलं कात्रण येईल त्याला वाचून दाखवतात. 'रक्त न गोठणारी नळी.' वर तुझा फोटो.

थोरली : फोटो माझा आहे. वाक्यं साहेबांची आहेत.

धाकटा : म्हणजे?

थोरली : म्हणजे मी असं काही म्हणाले नव्हते.

धाकटा : ताई, मला आत्ता तुमच्या ऑफिसातलं राजकारण नकोय. नळी हवीये. हातभर नळी.

थोरली : सुटतो तो.

धाकटा : कोण सुटतो?

थोरली : थर. नळी अख्खी असते तोवर काही होत नाही, दृष्ट लागावी असा राहतो. पण तुम्ही लोक ती तिरकी कापता. कापलेल्या कडेतून सुई घालता आणि रक्तवाहिनीला शिवता. त्या कडेपासून तो उचलला जातो. साल निघावी तसा. मग खालून रक्त शिरतं, सालीच्या आडोशाला गाठ धरते, आणि एक दिवस साल आणि गाठ दोन्ही जातात वाहून.

धाकटा : किती मेंढ्यांत?

थोरली : सगळ्यांत नाही.

धाकटा : किती?

थोरली : काहींत.

धाकटा : ताई!

थोरली : तिनात एक.

धाकटा : म्हणजे दोघींत टिकतो! अगं, बाबांच्या पायाला आत्ता तिनात शून्य मिळतंय. दोनतृतीयांश कुणी दिलं तर मी त्याचे पाय धरीन.

थोरली : आत्ता कापला तर कुठे कापतील?

धाकटा : तू विषय बदलू नकोस.

थोरली : हाच विषय आहे. कुठे कापतील?

धाकटा : गुडघ्याच्या खाली.

थोरली : आणि माझी नळी घातली, आणि वरच्या जोडापाशी, मांडीत, साल सुटली तर? मांडीला रक्त देणारी मोठी फांदी तिथूनच निघते ना? तीच बंद झाली तर?

धाकटा : ते तेव्हा बघू.

थोरली : सर्जन आहेस. बोल.

धाकटा : तर मग मांडीतून.

थोरली : गुडघा राहिलेला माणूस कृत्रिम पायावर चालतो. तूच सांगितलंयस मला. आणि गुडघा गेलेला, या वयातला?

धाकटा : बसतो.

थोरली : बाबा बसतील?

धाकटा : हे तू आज सांगतेस? आज? मी कमिटीपुढे नाक घासून आलो! तिथे अध्यक्षबाईंनी विचारलं, काही धोका आहे का, आणि मी छाती ठोकून सांगितलं, माझ्या सख्ख्या बहिणीचं काम आहे. तेव्हा कुठे होतीस?

थोरली : मला विचारलंस का जाण्याआधी? तुझं नेहमीचंच. आधी उडी, मग पाणी किती खोल ते विचारायचं. आणि मी गप्प बसले नव्हते, हे लक्षात ठेव. आमच्या बैठकीत पडद्यावर कडेचे फोटो लावून सांगितलं. साहेब म्हणाले, कड हा सर्जनचा प्रश्न आहे, आपला नाही.

धाकटा : सर्जनचा? न कापता शिवून दाखवा म्हणावं! त्यांच्या तीर्थरूपांनी शिवली होती का न कापता?

थोरली : हेच म्हणाले मी. जरा सभ्य शब्दांत.

धाकटा : यावर काही उपाय?

थोरली : खाली अजून एक थर द्यायचा. भिंतीला रंगाआधी देतात तसा, धरून ठेवायला. तो दिलेल्या नळ्या नव्या मेंढ्यांत घातल्यात. पावसाळा सरेपर्यंत कळेल.

धाकटा : बाबांचा अंगठा पावसाळ्यापर्यंत थांबणार नाही. ती नवी दे मग.

थोरली : तिच्याबद्दल तर मला काहीच माहीत नाही. जुनीबद्दल निदान वाईट काय ते माहीत आहे.

धाकटा : घरी तरी बोलायचंस.

थोरली : कुणाशी? तुझी पोहण्याची पदकं त्यांनी भिंतीवर लावली. सगळ्या गावाच्या पोरांना पोहायला शिकवणारा माणूस, आणि त्याची थोरली तलावाच्या पायऱ्यांवर बसून रडायची. पेपरात फोटो आला तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून त्यांना काय बोलावं ते सुचेना. त्या दिवशी काय सांगू? बाबा, हे सगळं खोटं आहे?

धाकटा : चल वर. जे मला सांगितलंस ते त्यांच्या तोंडावर सांग. मी नाही सांगणार.

*

बाबा : या. तुमचा आवाज जिन्यावरून इथवर येत होता. नर्सबाई विचारतात, कोण भांडतंय हो? म्हटलं, एक माझा बेडूक आणि एक माझी शास्त्रज्ञ. फुप्फुसं दोघांची खणखणीत आहेत, तेवढं यश माझं.

धाकटा : बाबा, ताईला काही सांगायचंय.

बाबा : ती टोपी काढ आधी. डोक्यावर कांद्याचं साल बसल्यासारखं दिसतंय.

थोरली : बाबा, माझी नळी तुम्हाला घालता येणार नाही.

बाबा : का? आखूड पडते?

थोरली : थट्टा नको. कापलेल्या कडेपासून आतला थर सुटतो. सुटलेला तुकडा आणि त्याच्यामागची गाठ पायभर फिरते. आज गुडघ्याखाली निभावेल ते उद्या मांडीवर जाईल.

बाबा : प्रत्येकाचा सुटतो?

थोरली : नाही.

बाबा : मग माझा नाही सुटणार. घाला.

थोरली : असं नसतं, बाबा.

बाबा : कसं असतं ते मला शिकवू नकोस. जन्म गेला माझा काठावर. बुडणाऱ्याला दोर टाकतात ना, तेव्हा दोर तपासत बसत नाहीत. हाताला लागेल तो टाकतात.

थोरली : आणि दोर कुजलाय हे टाकणाऱ्याला माहीत असेल तर?

बाबा : तरी टाकतात! कुजला तरी दोरच तो.

थोरली : कुजका दोर नुसता तुटत नाही. बुडणाऱ्याच्या गळ्याभोवती अडकतो.

बाबा : ते बुडणारा बघेल. तुला कुणी विचारलं?

धाकटा : बाबा, तुमचा रक्तदाब...

बाबा : तू गप रे बेडक्या. कमिटीत माझा पाय मांडून आलास, कापायचा कुठून ते जिन्यात ठरवून आलास, आणि मला विचारतंय कोण? इथे सकाळपासून जो येतो तो चादर उचलतो, अंगठा बघतो, 'हं' म्हणतो आणि जातो. अंगठ्याला डोकं आहे वर, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

धाकटा : त्या डोक्याने सिगारेट सोडली असती तर ही वेळ आली नसती.

बाबा : सोडली होती.

धाकटा : तलावामागच्या पंपाच्या खोलीत मग कोण ओढत होतं? पंप?

बाबा : बाहेर जा.

धाकटा : जातो. तुमच्या दोघांच्या मधे मला उभं राहायचंच नाही. पण एक सांगतो, ताई, तू नाही म्हणालीस तर उद्या सकाळी कापतील. तुझ्या नळीशिवाय दुसरी वाट नाही. हे कळून काय ते बोल.

बाबा : गेला?

थोरली : दाराबाहेर उभा आहे.

बाबा : असू दे. इकडे ये. ऐक. मी घाबरलोय. हे त्याच्यासमोर बोलणार नव्हतो. पाय गेला की मी काठावरचा माणूस उरत नाही. काठ ओला असतो. एका पायाने ओल्या काठावर कोण उभं राहतं? तुझी नळी सुटू दे, तुटू दे, मला चालेल. माझ्या लेकीच्या हातून झालं म्हणेन. कधी शब्दाने दोष देणार नाही.

थोरली : असलं काही बोलू नका.

बाबा : का? पाण्याला भ्यायचीस, आणि शेवटी पाण्याचाच थर करून दाखवलास. मला तेव्हापासून वाटत होतं, हे माझ्यासाठीच केलं पोरीने.

थोरली : बाबा, पुरे! तुम्ही दोष देणार नाही म्हणता, म्हणूनच मला ते नको. उद्या तुम्ही खुर्चीत बसाल मांडीपासून कापलेले, आणि माझ्याकडे बघून हसाल, आणि साहेब पेपरात छापून आणतील, शास्त्रज्ञाने स्वतःच्या वडिलांना दिली. परवा ती दुसऱ्याच्या बापाला घालतील. त्याला तर हेही माहीत नसेल की कड सुटते. तुमच्या पायावर मी ते दार उघडणार नाही.

बाबा : म्हणजे दुसऱ्याच्या बापासाठी माझा पाय.

थोरली : तुमच्या गुडघ्यासाठी तुमचा पाय.

बाबा : शब्द छान जुळवतेस. पाय कुणाचा आहे?

थोरली : तुमचा.

बाबा : मग निर्णय माझा. घाला म्हणतो मी.

थोरली : पाय तुमचा आहे. नळी माझी आहे. नाही देणार.

बाबा : परत बोल.

थोरली : नाही देणार.

बाबा : मग नीघ. उद्या सकाळी येऊ नकोस. आणि ते उशाखालचं कात्रण घेऊन जा, नर्सबाईंना आता मी काय वाचून दाखवू?

*

धाकटा : बाबांनी येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं.

थोरली : म्हणून आत नाही आले. इथे बाकावर बसायला त्यांची परवानगी लागत नाही. झालं?

धाकटा : झालं. गुडघा राहिला. जखम स्वच्छ आहे. शुद्धीत येतायत.

थोरली : बरं.

धाकटा : 'बरं'? बस्स?

थोरली : काय म्हणू? पेढे वाटू?

धाकटा : साहेबांचा फोन आला होता मला. ऑपरेशन चालू असताना, तीनदा. तू काल इथून निघून थेट आमच्या कमिटीकडे गेलीस म्हणे.

थोरली : गेले. कडेचे फोटो दाखवले. त्या बाईंनी तुझ्याबद्दलही विचारलं. म्हटलं, त्याला माहीत नव्हतं.

धाकटा : माझी अब्रू राखलीस, आभारी आहे. आणि परवानगी?

थोरली : काढून घेतली. कुणालाच देता येणार नाही ती नळी, मेंढ्यांचं सगळं होईपर्यंत.

धाकटा : कुणालाच.

थोरली : कुणालाच.

धाकटा : तुला ठाऊक आहे का, या नळीच्या रांगेत बाबांच्या मागे कोण उभं होतं? खालच्या मजल्यावर एक शिंपीणबाई आहे. माझी पेशंट. बाबांहून लहान, मशीन पायाने चालवते. टाच उघडी पडलीये, शिरा नाहीत. मी तिला सांगून बसलोय, थांबा, एक नवी नळी येतेय. आता जाऊन काय सांगू?

थोरली : खरं.

धाकटा : खरं! खरं बोलायला तुमच्या काचेच्या खोलीत सोपं असतं. इथे खरं बोललं की समोरचं माणूस रडतं आणि त्याचा हात धरायला मीच असतो. तू ये सांगायला.

थोरली : येते.

धाकटा : काय?

थोरली : येते म्हटलं. चल. कुठल्या खोलीत आहेत?

धाकटा : तुझी टर उडवत होतो मी.

थोरली : मी नाही उडवत. त्यांनी पेपर वाचला असेल तर माझा तोंडवळा त्यांना माहीत आहे. मग नाही म्हणणारं तोंडही तेच असू दे.

धाकटा : आणि त्या ओरडल्या तर?

थोरली : ओरडू देत. काल घरच्या माणसाचं ओरडून झालंय, आज परक्याचं ऐकून घेईन.

धाकटा : ताई, थांब. साहेबांनी अजून एक सांगितलं. तुझं कार्ड बंद केलंय. उद्यापासून दाराला लावलंस तरी उघडणार नाही.

थोरली : आजच उघडलं नाही. सकाळी गेले होते.

धाकटा : आणि तू एवढी शांत?

थोरली : शांत? दाराला लाथ मारून आलेय. बुटाचं नाक फाटलं, बघ. इतक्या वर्षांचं काम आत आहे, मेंढ्या आत आहेत, आणि मी बाहेर उभी राहून दाराला लाथा घालतेय. पहारेकरी म्हणाला, बाई, पाय मोडेल. मला हसूच फुटलं. आमच्या घरात पायाचंच चाललंय म्हटलं.

धाकटा : मला तुझं पटतंय ना, त्याचाच राग येतोय जास्त. पटलं नसतं तर निदान मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

थोरली : भांड की. वेळ काढून भांड. आधी त्या बाईंकडे चल.

*

बाबा : दार उघडंच आहे. कोण?

थोरली : मी.

बाबा : अच्छा. नळीवाली.

थोरली : आत येऊ?

बाबा : फोनवर 'ठेवतो' म्हटलं की कळतं ना माणसाला? सगळा पावसाळा 'ठेवतो' म्हणतोय मी. तरी आलीस. बेडक्याने पाठवलं?

थोरली : त्याला माहीत नाही. तो आज कापाकापीत आहे.

बाबा : शब्द तरी जपून वापर.

थोरली : चुकले.

बाबा : ती शिंपीण कशी आहे? त्याने सांगितलं होतं, तू तिच्यासमोर जाऊन उभी राहिलीस.

थोरली : टाच भरतेय थोडी. पाय अजून आहे. मला आधी पाण्याचा पेला फेकून मारला, मग तासभर बोलत बसल्या.

बाबा : नेम लागला?

थोरली : लागला.

बाबा : शाबास तिची. मला त्या दिवशी पेला हाताशी नव्हता. ते कोपऱ्यातलं बघ. नवा पाय. घातला की घासून जखम करतो, काढला की शरम वाटते. आणि नसलेला अंगठा खाजतो. खाजवायला हात खाली नेतो आणि चादर लागते हाताला. याच्यावर लावा काही थर तुमचे.

थोरली : चालता का त्याच्यावर?

बाबा : दारापर्यंत. फाटकापर्यंत. तलावावर गेलो होतो परवा. पोरांनी खुर्ची आणली, काठापासून लांब ठेवली, वर छत्री धरली. पाहुण्यासारखं बसवलं मला! एक कार्टं खोल पाण्याच्या बाजूला चुकीचा हात मारत होतं, मी ओरडलो, तर नवा मास्तर म्हणतो, काका, तुम्ही आराम करा. काका!

थोरली : काय केलंत मग?

बाबा : आराम केला. काय करणार? उठून काठावर जायला जे लागतं ते इथे कोपऱ्यात उभं आहे.

थोरली : बाबा...

बाबा : मेंढ्यांचं काय झालं ते सांग. त्यासाठीच आलीस ना?

थोरली : मला आता तिथे जाऊ देत नाहीत. दुसऱ्या खात्यात सुया मोजायला बसवलंय. पण गोठ्यावरचे पशुवैद्य भेटतात बाहेर. नव्या खालच्या थराची कड टिकलीये. अजून तरी.

बाबा : आणि जुन्या?

थोरली : जुन्यांतल्या अजून एकीची सुटली. ती गेली.

बाबा : बाकीच्या?

थोरली : बाकीच्या चरतायत.

बाबा : नळी उघडी?

थोरली : उघडी.

बाबा : म्हणजे माझी टिकली असती.

थोरली : टिकली असती. किंवा नसती.

बाबा : काय ते एक सांग. शास्त्रज्ञ ना तू?

थोरली : माहीत नाही, बाबा. आता ते कधीच कळणार नाही.

बाबा : अगं, मग खोटं बोल! नसतीच टिकली, म्हण. गुडघाही गेला असता, म्हण. त्या मेलेल्या मेंढीचं नाव माझं ठेव आणि मोकळी हो. मी मानेन. मला मानायचंय. रोज सकाळी हे लाकूड बांधताना मला कुणीतरी ठामपणे सांगायला हवंय की वाचलो मी.

थोरली : नाही सांगणार.

बाबा : का? एवढंही करवत नाही बापासाठी?

थोरली : माहीत नसलेलं ठामपणे सांगणारे साहेब होते. त्यांच्या कामातून मला काढलंय. त्यांच्यासारखी व्हायचं राहिलंय, ते इथे येऊन नाही होणार.

बाबा : हट्टी आहेस.

थोरली : आहे.

बाबा : कुणावर गेलीस कोण जाणे.

थोरली : ते सगळ्या तलावाला माहीत आहे.

बाबा : हसवू नकोस. मी रागावलेला आहे. तुला वाटत असेल, म्हातारा आहे, आठवडाभर फुरंगटेल आणि निवळेल. नाही निवळणार. मी मरेपर्यंत हा राग राहणार आहे, सांगून ठेवतो.

थोरली : राहू दे.

बाबा : राहू दे काय? तुला त्रास नाही होत?

थोरली : होतो. रोज होतो. पण तुमचा राग घालवायला मी आले नाहीये. पट्टी बदलायची असते ना दुपारी? धाकट्याला आज उशीर होईल. तुम्हाला एकट्याला वाकून जमत नाही, हे तो तुम्हाला सांगत नाही, पण मला सांगतो.

बाबा : चहाडखोर. कपाटात आहे सगळं. हात धू आधी.

थोरली : धुतले आल्या आल्या.

बाबा : गरम पाण्याने?

थोरली : गरम पाण्याने.

बाबा : मग उभी का?

थोरली : खुर्चीवर तुमचे कपडे पडलेत.

बाबा : खुर्ची राहू दे. इथे पलंगावर बस, पायथ्याशी. आता जागा आहे.